कशावरून? : चित्रपट पाहण्याचा पहिला पाठ



मागच्या महिन्यात आपल्या मोठ्या गटाला आम्ही 'संत तुकाराम' हा १९३६ सालचा चित्रपट दाखवला. मध्यंतरात बटाटेवडे झाले, चहा झाला, आणि चित्रपट संपल्यावर मी सगळ्यांना विचारले, "कसा वाटला?"

"छान." "बोअर." "खूप जुना आहे, ताई." "फार हळू चालतो." मागच्या रांगेत बसलेल्या एका काकांनी चष्मा पुसत "अप्रतिम!" म्हटले.

मग मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "कशावरून?" आणि खोलीत एकदम शांतता पसरली. "छान" म्हणणाऱ्यांना सांगता येईना आणि "बोअर" म्हणणाऱ्यांनाही. "अप्रतिम" म्हणणारे काकासुद्धा हसून म्हणाले, "अहो ताई, असे पकडू नका!"

आजचा पाठ या एका शब्दाचा आहे. चित्रपटाचा अभ्यास म्हटला की जाड पुस्तके आणि अवघड शब्द डोळ्यांपुढे येतात. ते सगळे पुढे येईलच. पण अभ्यासाची सुरुवात "कशावरून?" या प्रश्नाने होते, आणि तो प्रश्न दहा वर्षांच्या मुलालाही विचारता येतो.

दोन वाटा

चित्रपटाच्या अभ्यासाच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली इतिहासाची. हा चित्रपट कोणी काढला, कधी, कोणाच्या पैशाने, कोणत्या यंत्राने? तो कोणी पाहिला, कुठे पाहिला? दुसरी वाट समीक्षेची. या चित्रपटात काय दाखवले आहे, कसे दाखवले आहे, आणि त्यामुळे आपल्या मनात काय घडते?

इतिहासकार "कशावरून?" विचारतो तेव्हा त्याला कागद, जाहिरात, छायाचित्र, कोणाची तरी आठवण किंवा प्रत्यक्ष फिल्मचे रीळ हवे असते. समीक्षक तोच प्रश्न विचारतो तेव्हा त्याला पडद्यावरचे नेमके दृश्य हवे असते. म्हणजे दोघांनाही पुरावा लागतो. फक्त तो शोधण्याची जागा वेगळी.

पहिला कोण?

एक सोपा वाटणारा प्रश्न घेऊ. पहिला भारतीय चित्रपट कोणता?

तुमच्यापैकी बरेच जण लगेच सांगतील, दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र'. तो ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला. उत्तर बरोबर आहे. पण आता "कशावरून?" विचारा, म्हणजे गंमत सुरू होते.

भारतात चित्रपट प्रथम दिसला तो ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या छोट्या छोट्या फिल्म तिथे दाखवल्या गेल्या. तिकीट होते एक रुपया. पुढे तीनच वर्षांत, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचे चित्रीकरण केले. मग सावेदादा पहिले का नाहीत? कारण ती खऱ्या घटनेची नोंद होती, रचलेली गोष्ट नव्हती.

बरे, गोष्ट हवी असेल तर १८ मे १९१२ रोजी, म्हणजे फाळक्यांच्या जवळजवळ एक वर्ष आधी, त्याच कॉरोनेशनमध्ये दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' लागला होता. मग तोरणे पहिले का नाहीत? काही जण म्हणतात की तेच पहिले. इतर म्हणतात की ते रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रीकरण होते, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनमध्ये झाली. फाळक्यांनी मात्र चित्रपटासाठी म्हणून गोष्ट रचली, आणि चित्रीकरणापासून फिल्म धुण्यापर्यंतची कामे आपल्या माणसांना शिकवून भारतात केली.

पाहिलेत? तारखांबद्दल भांडण नाही. भांडण "चित्रपट" कशाला म्हणायचे आणि "भारतीय" कशाला म्हणायचे याबद्दल आहे. भारत सरकारने फाळक्यांना मान दिला. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ सालापासून दिला जातो आणि २०१३ मध्ये भारतीय चित्रपटाची शताब्दी साजरी झाली. पण तोरण्यांचे नाव माहीत नसेल तर तो इतिहास अपुरा राहतो. "पहिला" हा शब्द दिसला की विद्यार्थ्याने विचारावे : कशात पहिला?

फाळके आणि आपले लंडन

आपण ज्या देशात राहतो त्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे, हे बऱ्याच मुलांना ठाऊक नसते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग असे अनेक उद्योग त्यांनी केले. चाळिशीच्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. त्या वेळी पडद्यावर ख्रिस्त दिसत होता, पण आपल्या मनात राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहत होते, असे त्यांनी स्वतः पुढे 'नवयुग' मासिकातल्या लेखांत सांगितले.

१९१२ च्या फेब्रुवारीत, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून, ते बोटीने लंडनला आले. इथे 'बायोस्कोप' नावाचे चित्रपटविषयक साप्ताहिक निघत असे. फाळके थेट त्याच्या संपादकांना जाऊन भेटले. त्यांच्या ओळखीने ते सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन-ऑन-थेम्स येथील स्टुडिओत गेले आणि चित्रपट कसा बनतो ते जवळून पाहिले. मग विल्यमसन कॅमेरा, छिद्रे पाडण्याचे यंत्र, छपाईचे यंत्र अशी खरेदी करून ते परतले. इथल्या आगगाडीने वॉल्टनला जाता येते. पुढच्या वेळी त्या स्टेशनवरून गेलात तर आठवण ठेवा की मराठी माणूस इथे येऊन हे शिकून गेला.

घरी परतल्यावर त्यांनी मटाराचे रोप कसे वाढते याची एक छोटी फिल्म केली. रोज थोडे थोडे चित्रीकरण करायचे. पडद्यावर पाहणाऱ्याला मात्र बी रुजून रोप झरझर वाढताना दिसे. ती पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला.

पत्नी सरस्वतीबाई यांनी दागिने दिले, फिल्म धुण्याचे काम शिकून घेतले आणि चित्रीकरणाला आलेल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही केला. श्रेयनामावलीत असे काम सहसा दिसत नाही. म्हणून इतिहास लिहिताना "पडद्यामागे कोण होते?" हा प्रश्न विसरू नये.

आणि तारामतीचे काम कोणी केले? अण्णा साळुंके नावाच्या एका पुरुषाने. तेव्हा चांगल्या घरच्या सोडाच, कोणत्याच स्त्रिया चित्रपटात काम करायला तयार होईनात. शेवटी खाणावळीत काम करणारे साळुंके फाळक्यांना सापडले. पुढे 'लंकादहन' या १९१७ च्या चित्रपटात राम आणि सीता या दोन्ही भूमिका याच साळुंक्यांनी केल्या! पण स्त्रियांना फार दिवस बाहेर ठेवता आले नाही. 'राजा हरिश्चंद्र'नंतरच्या फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली.

ही सगळी धमाल परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या चित्रपटात पाहायला मिळते. तो जरूर पाहा. फक्त एक लक्षात ठेवा. तो फाळक्यांविषयी नंतर रचलेला चित्रपट आहे. त्यातला विनोद आणि संवाद दिग्दर्शकाचे आहेत. त्यातले एखादे वाक्य "फाळके असे म्हणाले" म्हणून निबंधात लिहिलेत, तर मी समासात लाल पेनने "कशावरून?" लिहीन.

पुरावा हरवतो तेव्हा

आता जरा वाईट वाटेल असे सांगते.

'राजा हरिश्चंद्र' आज आपल्याला पूर्ण पाहता येत नाही. चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे अशी दोन रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपली आहेत. आणि त्यातही एक पेच आहे. फाळक्यांनी तीच कथा १९१७ मध्ये 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने पुन्हा चित्रित केली होती. उरलेली रिळे १९१३ ची नसून १९१७ ची आहेत, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणजे वर्षानुवर्षे "भारताचा पहिला चित्रपट" म्हणून जी दृश्ये लोकांनी पाहिली, ती कदाचित दुसऱ्याच चित्रपटाची असतील!

१९३१ चा 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत हाती लागलेली नाही. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले; त्यांतले पूर्ण किंवा अर्धवट असे मोजकेच उरले. कारणे काय? त्या काळची नायट्रेटची फिल्म फार लवकर पेट घेई, आणि नुसती ठेवली तरी हळूहळू कुजत जाई. शिवाय फिल्मवर चांदीचा अंश असतो. चित्रपट जुना झाला, आता कोण पाहणार, असे म्हणून मालक रिळे भंगारात विकत आणि ती धुऊन चांदी काढली जाई.

१९६४ मध्ये संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, निर्मात्यांच्या घरी जाऊन, गोदामे धुंडाळून रिळे जमवली. ते मूळचे केरळचे, पण फाळक्यांच्या आणि 'प्रभात'च्या चित्रपटांचे जे काही आज आपण पाहू शकतो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. एवढे करूनही २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अनेक जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. जपणे हे कधी संपणारे काम नाही.

समीक्षेचे तीन प्रश्न

आता दुसऱ्या वाटेने जाऊ आणि पुन्हा 'संत तुकाराम'कडे येऊ.

हा चित्रपट पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने काढला. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल. तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जिजाईच्या भूमिकेत गौरी. मुंबईत तो पन्नासहून अधिक आठवडे चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. ही माहिती चांगली आहे, पण ही समीक्षा नव्हे. पुष्कळ आठवडे चालला म्हणून चित्रपट चांगला, असे म्हणता येत नाही.

समीक्षा लिहिताना वहीत तीन रकाने करा.

१. काय दिसले, काय ऐकू आले? इथे मत लिहायचे नाही. फक्त डोळ्यांना आणि कानांना कळले ते.

२. कसे दाखवले? कॅमेरा जवळ होता की दूर? उजेड कुठून येत होता? दृश्य मध्येच तोडले की लांब चालू ठेवले? संगीत होते की शांतता होती?

३. त्यामुळे काय झाले? आता मत लिहा, पण ते पहिल्या दोन रकान्यांना धरून.

मोठ्या गटातल्या एका विद्यार्थिनीने प्रथम असे लिहिले होते : "चित्रपट छान आहे. सर्वांची कामे चांगली झाली आहेत. गाणी गोड आहेत. सर्वांनी एकदा अवश्य पाहावा." यात चूक काही नाही. पण चित्रपटाचे नाव बदलले तरी हे चार ओळींचे परीक्षण कोणत्याही चित्रपटाला चालेल! मग तिने एकच पात्र निवडले आणि रकाने भरून पुन्हा लिहिले. तिच्या परवानगीने देते :

"तुकाराम विठ्ठलाच्या नावात रमलेले असतात आणि जिजाई सतत कामात असते. ती म्हशीची निगा राखते, मुलांना खायला घालते. घरात दाणे नसतात तेव्हा ती ओरडते. मुलगा आजारी पडतो तेव्हा ती देवळात जाऊन थेट देवावर चिडते. आधी मला ती भांडखोर वाटली. पण चित्रपट तिला हसण्यावारी नेत नाही. चमत्कार होतात, तरी चूल पेटवायची तिलाच असते. शेवटी तुकाराम विमानातून वैकुंठाला जातात आणि ती खाली राहते. मला वाटते, चित्रपटाला तुकारामांची भक्ती जेवढी खरी वाटते तेवढेच जिजाईचे कष्टही खरे वाटतात."

हे मत तुम्हाला पटेल किंवा पटणार नाही. वर्गात एका मुलाला ते मुळीच पटले नाही. तो म्हणाला, "शेवटी विमान कोणाला न्यायला येते? तुकारामांनाच ना! मग चित्रपट त्यांचीच बाजू घेतो." हा मुद्दाही पक्का आहे, कारण त्यानेही पडद्यावरचा पुरावा दिला. आधी "छान" आणि "बोअर" असे म्हणून जो तो आपल्या खुर्चीत बसला होता. आता दोघे अर्धा तास भांडले, आणि तेही मराठीत!

खालच्या ओळीत न मावणारे

'हळू चालतो' म्हणणाऱ्या मुलाला मी विचारले, "तू पडदा पाहत होतास की खालची इंग्रजी ओळ?" तो प्रामाणिकपणे म्हणाला, "ओळ."

त्याचा दोष नाही. पण एक प्रयोग आम्ही केला. एक प्रसंग ओळ झाकून पुन्हा ऐकला. तेव्हा मुलांच्या लक्षात आले की जिजाईची मराठी आणि सालोमालोची मराठी एक नाही. जिजाईची भाषा गावरान, रांगडी. तुकारामांचे अभंग आपलेच आहेत असे सांगणाऱ्या सालोमालोची भाषा वेगळी, तोऱ्यातली. कोण शेतकऱ्याच्या घरातले आणि कोण विद्वत्तेचा आव आणणारे, हे कानांना आधी कळते. खालच्या इंग्रजी ओळीत मात्र दोघे एकसारखेच बोलतात.

मुलांनो, "मराठी शिकून काय उपयोग?" असे तुम्ही कधी कधी विचारता. हा एक उपयोग. जगातल्या मोठमोठ्या समीक्षकांनी या चित्रपटावर लिहिले आहे. त्यांतल्या कित्येकांना जे ऐकू आले नसेल ते तुम्हाला ऐकू येऊ शकते.

विचारायचे राहून गेले

शेवटी एक माझी गोष्ट. माझे आजोबा सांगत असत की त्यांनी लहानपणी जत्रेत, तंबूत, 'संत तुकाराम' पाहिला. पडद्यावर तुकाराम आले की लोक हात जोडत, आणि चपला तंबूबाहेर काढून आलेले कितीतरी जण होते. मी ही गोष्ट दहा वेळा ऐकली. पण कोणते गाव, कोणते साल, तिकीट किती, बायका कुठे बसल्या होत्या, यंत्र कशावर चालत होते, यातले एकही मी विचारले नाही. आता आजोबा नाहीत. मी ती गोष्ट सांगते तेव्हा कोणी "कशावरून?" विचारले, तर माझ्याकडे उत्तर नाही. आजोबांच्या आठवणीचे रीळही असेच गेले.

म्हणून या वेळचा स्वाध्याय घरचा आहे.

स्वाध्याय

१. आजी, आजोबा किंवा घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला फोन करा आणि विचारा : तुम्ही चित्रपटगृहात किंवा तंबूत पाहिलेला पहिला चित्रपट कोणता? गाव कोणते? साल साधारण कोणते? कोणाबरोबर गेला होता? तिकीट किती होते? कोणते एक दृश्य अजून आठवते? त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. शब्द सुधारू नका. परवानगी घेऊन आवाज ध्वनिमुद्रित केलात तर उत्तम.

२. त्यांनी सांगितलेला चित्रपट कोणत्या साली निघाला ते शोधा. त्यांची आठवण आणि ते साल जुळते का? जुळत नसेल तर "आजी चुकली" असे लिहू नका. त्या काळी खेडेगावात चित्रपट कधी कधी बऱ्याच वर्षांनी पोहोचत असे.

३. लहान गटासाठी : आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' (१९५३) आईबाबांबरोबर पाहा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. आवडलेल्या एका प्रसंगाचे चित्र काढा आणि खाली "कारण" या शब्दाने सुरू होणारे एक वाक्य लिहा.

४. मोठ्या गटासाठी : संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) पाहा. नातवाची दृष्टी जाणार आहे हे आजोबांना कळते. ते कळल्यानंतरचा कोणताही एक प्रसंग निवडून तीन रकाने भरा. शब्दमर्यादा दीडशे. "छान" हा शब्द वापरण्यास बंदी!

शब्दार्थ

मूकपट : ज्यात आवाज नसतो असा चित्रपट. गोष्ट कळण्यासाठी मधे मधे मजकुराच्या पाट्या दाखवत.
बोलपट : ज्यात पात्रांचे बोलणे ऐकू येते तो चित्रपट.
रीळ : फिल्म गुंडाळण्याचे चाक आणि त्यावरची फिल्म.
निकटदृश्य : चेहरा किंवा वस्तू अगदी जवळून दाखवणारे दृश्य, क्लोजअप.
संकलन : चित्रित केलेले तुकडे निवडून, कापून, जोडण्याचे काम.
परीक्षण : चित्रपट पाहावा की नाही हे ठरवायला मदत करणारा छोटा लेख.
समीक्षा : चित्रपट कसा घडला आहे आणि तो काय सांगतो याचा पुराव्यानिशी विचार.

पालकांना विनंती : पहिल्या प्रश्नाची उत्तरे मुलांच्या हस्ताक्षरात, एका पानावर, पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी वर्गात आणून द्यावीत. ती सगळी एकत्र करून आपण पुढचा अंक काढू. फोन मात्र याच आठवड्यात करावा.